पोटखराब्यातील रहिवासी : पुण्याच्या सापसुरळीविषयी प्रस्तावना

ज्या जीवाची शास्त्रीय ओळख एका घाटाच्या नावापासून सुरू होते आणि त्या घाटापासून फार दूर जात नाही, अशा एका लहानशा सापसुरळीचा परिचय करून देणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. शास्त्राच्या दप्तरी तिची नोंद युरिलेपिस पूनाएन्सिस या नावाने आहे. आर. सी. शर्मा यांनी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या नियतकालिकात १९७० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, पुणे जिल्ह्यातील कात्रज घाटात मिळालेल्या नमुन्यावरून, तिचे पहिले वर्णन केले आणि ज्या शहराच्या वेशीवर ती सापडली त्या शहराचे नाव तिला कायमचे दिले. त्या वेळी तिला युमिसीस या मोठ्या प्रजातीत स्थान मिळाले होते. पुढे २००० साली त्या प्रजातीची फेरतपासणी होऊन तिची गणना युरिलेपिस या छोट्या प्रजातीत होऊ लागली. माल्कम स्मिथ यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत १९३५ साली सरड्या-पालींचा जो खंड सिद्ध केला, आणि जो आजही या विषयाच्या अभ्यासकाला दूर सारता येत नाही, त्यात या जीवाचा मागमूस नाही. ज्या घाटातून सातारच्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या माणसे, घोडी, बैलगाड्या आणि नंतर मोटारी गेल्या, ज्याच्या पायथ्याच्या तलावातून पेशव्यांनी पुणे शहरात नळाने पाणी आणले, त्या घाटातील हा मूळचा रहिवासी शास्त्राला ठाऊक होण्यास १९७० साल उजाडावे लागले.

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावी बसून कात्रजच्या सापसुरळीविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रस्तावनेतच दिलेले बरे. ती पुणतांब्यास आहे, असा माझा दावा नाही. पुणतांबा लोकांना ठाऊक आहे ते चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे, गोदावरीच्या दगडी घाटांमुळे, दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीकडे जो फाटा फुटतो त्यामुळे, आणि अलीकडच्या इतिहासात १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपामुळे. या सर्व गोष्टी नदीकाठच्या काळ्या जमिनीशी आणि तिच्यातून निघणाऱ्या पिकाशी निगडित आहेत. परंतु या मुलखाला दुसरे एक अंग आहे, ज्याची प्रसिद्धी कधी झाली नाही. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे डावा व उजवा असे दोन कालवे गेल्या शतकाच्या आरंभी काढले गेले. त्यांचे पाणी जेथपर्यंत चढले तेथपर्यंत ऊस, गहू आणि फळबागा झाल्या, आणि जेथे ते चढू शकले नाही तेथे उंचवट्यांवर मुरमाचे, कुसळी गवताचे, बाभळी-बोरींचे माळ राहिले. हा माळ आणि कात्रजचा डोंगरउतार ही एकाच घराण्याची भूमी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर चढवीत जो लाव्हा वाहिला, त्याच्याच काळ्या पाषाणाने दोन्ही ठिकाणची जमीन घडली आहे. दोन्हीकडे पावसाळ्यात चार महिने हिरवे आणि एरवी पिवळे पडणारे तेच गवत, तोच मुरूम, दगडाखालची तीच वाळवी. म्हणून कात्रजच्या सापसुरळीचा विचार करणे म्हणजे आपल्या गावाच्या माळाचा विचार करणे होय, अशी माझी धारणा आहे, आणि या पुस्तकाचा सारा प्रपंच त्या धारणेतून निघाला आहे.

आधी सापसुरळी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण तिच्याविषयीचे आपले गैरसमज तिच्याविषयीच्या माहितीपेक्षा पुष्कळ जुने आणि दृढ आहेत. सरड्या-पालींच्या विशाल गोतावळ्यात सापसुरळ्यांचे कुल अत्यंत विस्तृत असून जगभरात त्यांच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत. पुणतांब्याच्या घाटावर, पावसाळा सरल्यानंतरच्या एखाद्या सकाळी, ऊन पायऱ्यांच्या फटींपर्यंत उतरले की दोन चिऱ्यांमधून प्रथम एक निमुळते मस्तक बाहेर येते आणि तेवढेच बराच वेळ उन्हात स्थिर राहते. कानाच्या जागी एक बारीक छिद्र दिसते; पापण्या मिटतात आणि उघडतात, जे पालीच्या बाबतीत कधी घडत नाही; जीभ क्षणभर बाहेर येऊन दगडाला स्पर्श करून परत जाते. मग मान कोठे संपली आणि धड कोठे सुरू झाले हे कळू न देता सारे शरीर ओघळल्यासारखे बाहेर येते. ही आपली नित्याची मोठी सापसुरळी. पाठ कांशाच्या रंगाची, कुशीवर गडद पट्टा, आणि विणीच्या काळात नराच्या कुशीवर चढणारी तांबूस झाक. अंगावरचे खवले कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात आणि प्रत्येक खवल्याखाली हाडाची एक बारीक पत्री असते; ज्या जीवाला आपण मऊ आणि निसरडा समजतो तो वस्तुतः चिलखत घालून वावरत असतो. माणसाची सावली पडताच ती गवतात शिरते. तिचे पाय आखूड असल्यामुळे धावण्यापेक्षा अंग डावी-उजवीकडे वळवीत पोहल्यासारखी ती जाते, आणि सर्वांत शेवटी दिसेनाशी होते ती शेपटी.

हे शेवटचे दृश्यच तिच्या मुळावर आले आहे. गवतात नाहीशी होणारी ती चकचकीत शेपटी पाहून सापाची शंका येते, आणि तेवढ्यावरून आपल्याकडे तिला सापाची मावशी ठरवून टाकण्यात आले. तिच्या शेपटीत विष असते, ती चावली तर माणूस वाचत नाही, अशा समजुती मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि त्या समजुतींपायी काठीखाली गेलेल्या सापसुरळ्याही पाहिल्या आहेत. आपल्याकडील कोणत्याही सापसुरळीला विष नाही. नाकतोडे, झुरळे, कोळी, वाळवी, अळ्या हे तिचे अन्न. शिक्रा, भारद्वाज, खंड्या, मुंगूस आणि कवड्या साप हे तिचे शत्रू. शत्रूच्या तडाख्यात सापडली तर ती शेपटी तोडून देते, आणि तुटलेला तुकडा वळवळत राहिल्यामुळे शत्रूचे लक्ष त्याच्याकडे वेधले जाऊन तिला निसटता येते. नवी शेपटी उगवते खरी, पण तिच्यात मणके नसतात. त्यांच्या जागी कूर्चेचा एक दांडा असतो, आणि शेपटीत साठविलेली चरबी गेल्यामुळे पुढचा उन्हाळा तिला अधिक कठीण जातो. ज्याच्या संरक्षणाची सारी भिस्त स्वतःचा अवयव टाकून देण्यावर आहे, त्याला विषारी म्हणून मारणे हा अन्याय आहे. घराघरांत हे सांगितले गेले पाहिजे, आणि विशेषेकरून शाळांत सांगितले गेले पाहिजे.

आता पुण्याच्या सापसुरळीकडे वळू. ती वर वर्णिलेल्या मोठ्या सापसुरळीहून लहान, सडपातळ आणि गुळगुळीत आहे. युरिलेपिस प्रजातीचे लक्षण असे की पाठीच्या मध्यावरील खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा आडवे रुंद असतात, आणि अभ्यासकाला ओळख पटते ती प्रामुख्याने या खवल्यांवरून. परंतु तिच्या शरीरापेक्षाही मला विस्मय वाटतो तो तिच्या नातेसंबंधांचा. या प्रजातीची दुसरी प्रसिद्ध जाती एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली वर्णिली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळणाऱ्या या व्यासंगी पुरुषाने पंजाबच्या डोंगराळ भागातील नमुन्यावरून तिचे वर्णन केले. ती जाती इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि तेथून भारताच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत पसरलेली आहे. तिची सख्खी म्हणावी अशी ही बहीण मात्र सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, दख्खनच्या काठाशी, एकटी राहते. मधल्या शेकडो कोसांच्या प्रदेशात, जेथे वाळवंट आहे, नर्मदा-तापीची खोरी आहेत, सातपुड्याच्या रांगा आहेत, तेथे ही साखळी तुटलेली आहे.

अशी तुटलेली साखळी जेव्हा प्राणिशास्त्रज्ञाला दिसते तेव्हा त्याच्या मनात एक जुना भूप्रदेश उभा राहतो. कोणे एके काळी वायव्येकडील शुष्क पठारांपासून दख्खनपर्यंत कोरड्या, उघड्या, खडकाळ भूमीचा सलग किंवा निदान पायरी-पायरीने जाणारा मार्ग असावा, त्या मार्गाने या कुळातील पूर्वज येथवर आले असावेत, आणि हवामान पालटून तो मार्ग तुटल्यावर येथे उरलेल्यांनी आपला स्वतंत्र संसार थाटला असावा, असे मानावयास जागा आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यवनाचे कौतुक आपण पुष्कळ करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु सह्याद्रीच्या पाठीमागे, पावसाच्या छायेत पडलेल्या या रुक्ष पट्ट्यालाही तेवढाच दीर्घ वंशेतिहास आहे, हे या एका बोटभर जाडीच्या जीवावरून कळते. तिच्या पहिल्या नोंदीनंतर अर्धशतक उलटले तरी तिच्याविषयीचे लेखन फार थोडे आहे. कात्रजच्या पायथ्याशी १९८६ पासून सर्पोद्यान आहे. लाखो मुलांनी तेथे नाग, घोणस आणि अजगर पाहिले. त्याच डोंगरात प्रथम सापडलेली ही सापसुरळी मात्र पुणेकरांपैकी फारच थोड्यांच्या ऐकिवात असेल.

ती अज्ञात राहण्याचे कारण केवळ तिच्या लाजऱ्या स्वभावात शोधू नये. ते आपल्या महसुली दप्तरातही आहे. १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ज्या मोजणीचा व जमाबंदीचा पाया घातला, तिने या प्रांतातील प्रत्येक शेताची हद्द कायम केली, मातीची प्रत लावली आणि त्या प्रतीवर सारा ठरविला. त्या व्यवस्थेचे गुण मी नाकारीत नाही. लहरी वसुलीच्या जाचातून कुणब्याला तिने काही अंशी तरी सोडविले. परंतु जमिनीची प्रतवारी पिकाच्या तराजूत एकदा झाली की जी भूमी पीक देत नाही तिची गणना आपोआप उणीव म्हणून होऊ लागते. आजही सातबाऱ्याचा उतारा हाती घेतला तर लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली पोटखराबा लिहिलेला असतो. खडकाळ कोपरा, मुरमाचे टेपाड, ओढ्याची धस, बांधालगतची झुडपी हे सर्व त्या एका शब्दात जाते. गावाच्या हद्दीतील गायराने आणि पडीक जमिनींची गतही तीच. या जमिनी ‘काही नसलेल्या’ जमिनी आहेत असे गृहीत धरूनच पुढचे सगळे व्यवहार होतात : रस्त्याच्या भरावासाठी मुरूम हवा, तर माळ, कचऱ्याला जागा हवी, तर माळ, वसाहत, कारखाना, सौर पॅनेलांची रांग हवी, तर माळ, आणि वृक्षारोपणाचे उद्दिष्ट पुरे करावयाचे असेल तर खड्डे खणून परदेशी झाडे लावण्यासही गवताळ माळच. लागवडीखाली आणलेला पोटखराबा लागवडीयोग्य क्षेत्रात नोंदवून घेण्याची सोयही आता झाली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती न्याय्य आहे. ज्याच्या वाट्याला चार एकरांत एक एकर खडक आला, त्याने तो जेसीबी लावून सपाट केला तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझी तक्रार त्या व्यक्तीविषयी नाही. माझी तक्रार अशी आहे की हजारो उताऱ्यांवरचा हा पोटखराबा एकत्र जोडला तर जो एक प्रचंड मुलूख तयार होतो, त्याच्या रहिवाशांची मोजदाद कोणत्याही मोजणीत कधी झालीच नाही.

कात्रजच्या बाजूला हाच प्रकार अधिक वेगाने घडतो. पुणे शहर दक्षिणेकडे वाढत घाटाच्या माथ्यापर्यंत पोहोचले आहे. टेकडीफोडीच्या बातम्या वृत्तपत्रांतून वरचेवर येतात, काही दिवस चर्चा होते आणि मग फोडलेल्या उतारावर इमारतींचे जोते उभे राहते. वाघासारख्या प्राण्याचे राज्य अनेक प्रांतांत असते. एका जंगलातून तो गेला तर दुसऱ्या जंगलात उरतो. ज्याचे ज्ञात क्षेत्रच थोडके, त्याच्या बाबतीत एका उताराचा नाश हा त्याच्या समग्र अस्तित्वाचा एक ठसठशीत हिस्सा असतो. क्षेत्राच्या संकुचितपणाचा हा अर्थ नकाशावर पाहून पुरता ध्यानात येत नाही. इतरत्र काय घडले ते पाहिले म्हणजे येतो.

हिंदी महासागरात ख्रिसमस नावाचे १३५ चौरस किलोमीटरांचे एक बेट आहे. त्या बेटाखेरीज पृथ्वीवर अन्यत्र कोठेही नसलेली एक वनवासी सापसुरळी तेथे १९७०च्या दशकात विपुल होती. नंतर बेटावर माणसाबरोबर बाहेरून आलेल्या पिवळ्या मुंग्या, मोठ्या घोणी आणि आपल्या कवड्याचाच भाऊबंद असलेला एक साप यांचा प्रसार झाला, आणि नव्वदीनंतर ती सापसुरळी भराभर ओसरत गेली. तज्ज्ञांना जाग आली तेव्हा त्यांच्या हाती थोड्या माद्या लागल्या. नर एकही मिळाला नाही. त्यांतील शेवटची, जिला सांभाळणाऱ्यांनी गंप असे नाव दिले होते, ती ३१ मे २०१४ रोजी मरण पावली, आणि एक जाती संपली. आपल्याच पिढीत, शास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत, तारीख-वार नोंदवून हे घडले, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

दुसरी हकीकत आशा देणारी आहे, आणि पुणतांब्याच्या वाचकाने ती विशेष लक्षपूर्वक वाचावी. दक्षिण ऑस्ट्रेलियात निळ्या जिभेची म्हणून ओळखली जाणारी एक बुटकी सापसुरळी होती, जिचे नमुने संग्रहालयांत मोजके होते आणि जी १९५९ नंतर कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. ती नामशेष झाली असा समज दृढ झाला होता. १९९२ साली बर्रा गावाजवळ रस्त्यावर मरून पडलेला एक तपकिरी साप ग्रॅहॅम आर्मस्ट्राँग यांनी तपासला, आणि त्याच्या पोटात ती सापसुरळी निघाली. मग शोध सुरू झाला, आणि असे आढळले की ती कोणत्याही दुर्गम अरण्यात नव्हती. मेंढ्या चरणाऱ्या खाजगी कुरणांत, कोळ्यांनी खणलेल्या उभ्या बिळांत, ती इतकी वर्षे राहत होती. ज्या कुरणात नांगर फिरला नव्हता तेथे कोळ्यांची बिळे शाबूत होती म्हणून तीही होती. जेथे नांगर फिरला तेथे बिळेही नव्हती आणि तीही नव्हती. मेंढ्यांनी तिचे काही बिघडविले नाही. आपल्या माळांवर धनगरांची खिल्लारे शतकानुशतके चरत आली आहेत आणि तरीही माळ माळच राहिला, याची या ठिकाणी आठवण होते. माळाचा घात मेंढीच्या तोंडाने होत नाही. तो जमीन उलटीपालटी केल्याने होतो.

आपल्याकडे माळाची कदर झाल्याची उदाहरणे अगदीच नाहीत असे नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरांच्या आत आहे, तरी त्या लहानशा जागेने काळवीट या मुलखातून जाऊ दिला नाही. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या सान्निध्यात, निळ्या-काळ्या-नारिंगी गळफुग्याचा एक देखणा सरडा राहतो. २०१६ साली त्याचे आणि त्याच्या दख्खनी भाईबंदांचे शास्त्रीय वर्णन झाले, तेव्हा त्या नव्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी सरडा हेच मराठी नाव दिले. एकविसाव्या शतकातही दख्खनच्या उघड्या माळावर नव्या जाती सापडतात, यावरून आपली मोजदाद किती अपुरी आहे हे दिसून येते. मोठे शिंगवाले किंवा भडक रंगाचे प्राणी लोकांच्या नजरेस लवकर येतात. गुळगुळीत, तपकिरी आणि दगडाखाली राहणाऱ्या जीवाचा कैवार घेण्यास थोडी अधिक चिकाटी लागते.

या पुस्तकाची मांडणी त्या चिकाटीला उपयोगी पडावी अशी केली आहे. पहिल्या भागात आपल्या परिसरात नित्य दिसणाऱ्या सापसुरळ्यांची ओळख आहे, जेणेकरून वाचकाला नेहमीची कोणती आणि निराळी कोणती हे सांगता यावे; तांबड्या शेपटीची पिल्ले पाहून जे लोक घाबरतात त्यांनी ठिपक्यांच्या सापसुरळीवरील प्रकरण अवश्य वाचावे. दुसऱ्या भागात पुण्याच्या सापसुरळीविषयी आजवर प्रसिद्ध झालेली माहिती आहे, आणि तो भाग लहान आहे, कारण माहितीच थोडी आहे. तिसरा भाग माळाविषयी आहे, आणि तो मी मुद्दाम विस्ताराने लिहिला आहे.

वाचकांस एक विनंती आहे. आपल्या गावच्या गायरानाचा आणि पोटखराब्याचा गट क्रमांक तलाठ्याकडून माहीत करून घ्या आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर मुलांना घेऊन तेथे जा. दगड उचलायचा तर आपल्याकडे ओढून, म्हणजे पलीकडची कड वर येईल असा उचला, कारण खाली विंचू किंवा फुरसे असू शकते. आणि पाहून झाल्यावर तो होता तसाच परत ठेवा, कारण त्याखालचा ओलावा हेच त्या जीवाचे घर आहे. सापसुरळी पकडू नका, बाटलीत घालू नका. छायाचित्र, तारीख, वेळ आणि जागा एवढे टिपून ठेवा. वेगळी काही दिसली तर ती नोंद पुण्यास भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे किंवा मुंबईस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवा. आणि ग्रामसभेपुढे माळावरून मुरूम काढण्याची दरखास्त येईल त्या दिवशी सभेला हजर राहून विचारा, की या गटात कोण राहते याची पाहणी झाली आहे काय.